गांडूळ नवं आहे, हे ठरतं कसं?

‘जंगलात गांडुळाची नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी वाचली की आपल्यासमोर एक ठरावीक चित्र उभं राहतं. कुणी संशोधक पावसात चिखल तुडवत जातो, कुजका ओंडका उलटतो आणि खाली आजवर कुणी न पाहिलेलं गांडूळ वळवळत असतं. ओंडका उलटण्यापर्यंत हे चित्र बरोबर आहे. पण त्या क्षणी आपल्या हातात काय आलं आहे, हे त्या संशोधकाला बहुतेक वेळा माहीत नसतं. उष्ण कटिबंधातल्या जंगलात नवं गांडूळ हाती लागणं तितकंसं कठीण नाही. ते आधी नाव मिळालेल्या गांडुळांपैकी एकही नाही, हे दाखवून देणं कठीण. खरा वेळ जातो तो तिथे, आणि बातमीत नेमकं तेच येत नाही.

जगभरात आजवर सहा हजारांच्या आसपास गांडुळांना शास्त्रीय नावं मिळाली आहेत. प्रत्यक्षातली संख्या याहून बरीच मोठी असणार, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. वाद आहे तो किती मोठी एवढ्यापुरताच. 2019 मध्ये 57 देशांतल्या 6,928 ठिकाणांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात थोडी चकवणारी गोष्ट पुढे आली. झाडं, पक्षी, कीटक यांचं वैविध्य विषुववृत्ताकडे जाताना वाढतं. गांडुळांचं उलटं दिसलं. एकाच जागी खणलं तर समशीतोष्ण प्रदेशातच बहुधा जास्त प्रजाती मिळतात. मग उष्ण जंगलांची एवढी चर्चा का? कारण उत्तर युरोपात एका खड्ड्यापासून शेकडो किलोमीटर लांब दुसरा खड्डा खणला तरी बरीचशी तीच मंडळी पुन्हा भेटतात. उष्ण कटिबंधात मात्र डोंगर ओलांडला की मंडळी बदलतात. एका खड्ड्यात कमी, पण सगळे खड्डे मिळून कदाचित सर्वांत जास्त, असा हा हिशोब आहे.

याचं एक कारण गांडुळाच्या चालीत आहे. माणसाने उचलून नेलं नाही तर हा प्राणी फार हळू पसरतो. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत शिरलेल्या युरोपीय गांडुळांची आघाडी वर्षाला साधारण 5 ते 10 मीटर सरकते, आणि ही तर आक्रमक म्हणून बदनाम झालेली गांडुळं. स्थानिक गांडुळाच्या वाटेत नदी किंवा कोरडा कडा आला की दोन्ही बाजूंच्या कुटुंबांची भेट लाखो वर्षं होत नाही आणि त्यांच्या प्रजाती वेगळ्या होत जातात. उत्तर युरोपात हिमयुगाने पाटी पुसून टाकली होती. बर्फ हटल्यावर मोजक्याच, दूरवर पसरू शकणाऱ्या प्रजाती परत आल्या. उष्ण जंगलांची पाटी अशी पुसली गेली नाही.

आधी खणणं

या भागावर फार थांबायला नको. प्रमाणित पद्धतीत 25 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असा मातीचा ठोकळा काढतात आणि तो थराथराने हातांनी फोडून बघतात. काही वेळा मोहरीची पूड पाण्यात कालवून जमिनीवर ओततात. कातडीची आग झाली की गांडुळं वर येतात. पूर्वी यासाठी फॉर्मलिन ओतायचे, आता ते टाळतात. ओल्या महिन्यांतच जावं लागतं. कोरड्या दिवसांत बरीच गांडुळं खोल जाऊन अंगाची गाठ करून पडून राहतात.

जंगलात फक्त जमीन खणून भागत नाही, हे मात्र सांगायला हवं. कुजलेल्या ओंडक्यांत, झाडाच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्याच्या मातीत, फांद्यांवर वाढणाऱ्या वनस्पतींच्या मुळांतही गांडुळं राहतात. आग्नेय आशियात प्लॅनाफेरेटिमा नावाचा एक गटच आहे. त्याचं पोट चपटं असतं आणि पोटाखाली राठ केस दाटीने असतात, म्हणून त्याला झाडाझुडपांवर चढता येतं. जमिनीवरच नजर ठेवणाऱ्याला ही गांडुळं दिसणारच नाहीत.

आणखी एक अडचण आहे. हाती येणाऱ्या गांडुळांत पिल्लंच भरपूर असतात. गांडूळ ओळखायचं तर त्याचे जननावयव पूर्ण वाढलेले लागतात. पुढच्या भागात तो जाड, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा पट्टा, म्हणजे पर्याणिका, दिसली तरच गांडूळ प्रौढ. पिशवीभर पिल्लं आणि एकही प्रौढ नाही, अशी वेळ आली तर त्या पिशवीतून प्रजातीचं नीट वर्णन होत नाही.

सापडलेलं गांडूळ सरळ बाटलीत टाकलं तर ते आक्रसून वेडंवाकडं होतं आणि पुढे कशाचंच मोजमाप धड घेता येत नाही. म्हणून आधी सौम्य अल्कोहोलमध्ये त्याला गुंगी देतात. हालचाल थांबली की उथळ ट्रेमध्ये सरळ आडवं ठेवतात आणि मग टिकाऊ द्रावण घालतात. इथे एक पेच असतो. फॉर्मलिनमध्ये शरीर घट्ट होतं आणि नंतर कापायला उत्तम, पण डीएनए खराब होतो. तीव्र अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो, पण शरीर तितकं चांगलं राहत नाही. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे शेपटीकडचा छोटा तुकडा कापून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवायचा आणि बाकीचं गांडूळ फॉर्मलिनमध्ये. शेपटीकडचाच का? ओळख पटवणारं जवळजवळ सगळं पुढच्या भागात असतं. शेपूट गेली तरी फार काही जात नाही.

रंग मात्र जिवंत असतानाच टिपून घ्यावा लागतो. द्रावणात निळं, जांभळं, तांबूस असं सगळंच काही दिवसांत मळकट होतं.

वलयं मोजणं

गांडुळाकडे बघून सांगण्यासारखं फार थोडं असतं. पाय नाहीत, डोळे नाहीत, पिसं नाहीत. लांबी आणि जाडी खाण्यापिण्यावर आणि द्रावणावर बदलते, त्यामुळे त्यांचा भरवसा नाही. मग उरतं काय? कुठला अवयव कितव्या वलयात आहे, हे. वलयाचा आकडा म्हणजे त्या अवयवाचा पत्ता, आणि गांडुळांचं सगळं वर्गीकरण बऱ्याच अंशी या पत्त्यांवर उभं आहे.

ॲमिंथस हा आशियातला प्रचंड मोठा जीनस, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींचा गट, घ्या. त्यात पर्याणिका 14 ते 16 या तीन वलयांवर असते आणि नराची जननछिद्रं 18 व्या वलयावर. युरोपातल्या लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस या प्रसिद्ध गांडुळात नराची छिद्रं 15 व्या वलयावर आणि पर्याणिका पार 32 ते 37 वर. दक्षिण आणि पूर्व आशियातल्या द्रविडा या जीनसमध्ये नराची छिद्रं 10 आणि 11 या वलयांमधल्या खाचेत, आणि पेषणी, म्हणजे अन्न दळणारा स्नायूंचा गोळा, एक नसून एकामागे एक अशा अनेक. एवढं बघितलं की निदान गट कळतो. प्रजातीपर्यंत जायला अजून बरंच काही लागतं.

मोजायला सोपं वाटतं, पण तसं नाही. तोंडावर एक छोटी झडप असते. ती वलय म्हणून मोजायची नाही, तोंड असलेलं वलय पहिलं. पुढच्या वलयांवर बऱ्याचदा जादा खाचा असतात, त्यामुळे एक वलय दोन किंवा तीन दिसतं. पर्याणिकेवर तर खाचा बुजूनच गेलेल्या असतात. अशा वेळी वलयाभोवतीच्या राठ केसांच्या रांगा बघून हिशोब लावावा लागतो. एका वलयाची चूक झाली की पुढचे सगळे पत्ते चुकतात, आणि कागदावर आपोआप एक ‘नवी प्रजाती’ तयार होते.

म्हणून आतून मोजून खात्री करतात. मेणाच्या ट्रेमध्ये गांडूळ पाठ वर करून ठेवायचं आणि बारीक कात्रीने पाठीवरून चिरायचं. अगदी मधोमध नाही, जरा बाजूने, म्हणजे पाठीवरून जाणारी रक्तवाहिनी तुटत नाही. कात्रीचं टोक वर उचलून धरायचं, नाहीतर आतडं फाटतं आणि सगळीकडे माती पसरते. मग कातडीच्या दोन कडा बाजूला ओढून टाचण्या लावायच्या. टाचण्या दर पाचव्या वलयावर लावण्याची जुनी पद्धत आहे. एकदा 5, 10, 15, 20 असे खुंट रोवले की नंतर काहीही शोधताना पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागत नाही. वलयांमधले पातळ पडदे आता उघड दिसतात, आणि बाहेरच्या फसव्या खाचांचा प्रश्न मिटतो, कारण जादा खाचेच्या मागे पडदा नसतो.

यानंतर सूक्ष्मदर्शकाखालचं काम. पेषणी कितव्या वलयात, हृदयं किती आणि कुठवर, आतड्याला आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद, पिशव्या आहेत का, उत्सर्जनाच्या नळ्या मोठ्या एकेक जोडीत आहेत की बारीक झुपक्यांत. सर्वांत जास्त वेळ जातो तो शुक्रग्राहिकांवर. गांडुळं उभयलिंगी. समागमात दोघं एकमेकांना शुक्राणू देतात, आणि मिळालेले शुक्राणू या छोट्या पिशव्यांत साठवून ठेवतात. पिशव्यांच्या किती जोड्या, त्या कुठल्या खाचांत उघडतात, मुख्य पिशवीला जोडलेली बारीक नळी सरळ की नागमोडी, हे सगळं लिहावं लागतं. वर्णनात ‘7/8 आणि 8/9’ असं वाचलंत तर त्याचा अर्थ सातव्या-आठव्या आणि आठव्या-नवव्या वलयांमधल्या खाचा. बाहेरच्या माणसाला रुक्ष वाटणारी ही ओळ तज्ज्ञाला मात्र अर्धं गांडूळ ओळखून देते.

शरीर फसवतं तेव्हा

इथपर्यंत ऐकून वाटेल की नीट मोजलं की झालं. पण उष्ण प्रदेशातल्या अनेक गांडुळांनी समागम सोडूनच दिला आहे. ती अफलित अंड्यांतून पिल्लं देतात. समागमच नाही, तर त्यासाठीचे अवयव टिकवण्याचं बंधनही राहत नाही. एकाच प्रजातीत कुणात शुक्रग्राहिकांच्या सगळ्या जोड्या असतात, कुणात एकच उरलेली असते, कुणात एकही नाही. नराची छिद्रं काहींत अजिबात नसतात, काहींत एकाच बाजूला. ज्या अवयवांवरून प्रजाती ओळखायची, नेमके तेच गायब.

ॲमिंथस आणि त्याच्या नातेवाइकांत याने मोठा घोळ घातला. जुन्या संशोधकांनी असे अर्धवट अवयवांचे नमुने बघून प्रामाणिकपणे नव्या प्रजाती जाहीर केल्या, आणि पुढे त्यांतल्या कित्येक एकाच प्रजातीची रूपं निघाली. माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी सल्ला हाच आहे: एखादा अवयव ‘नाही’ म्हणून प्रजाती नवी, असं कुणी म्हणत असेल तर सावध व्हावं. ‘वेगळा आहे’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टींचं वजन सारखं नसतं.

याच्या उलटही घडतं. शरीर हुबेहूब, पण प्रजाती दोन. लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस या नावाचं गांडूळ सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसने 1758 मध्येच नोंदवलं होतं, प्रयोगशाळांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. 2010 मध्ये डीएनए तपासल्यावर त्या एका नावाखाली दोन प्रजाती निघाल्या. दुसरीला नवं नाव द्यायची गरज पडली नाही. साव्हिन्यी या फ्रेंच संशोधकाने 1826 मध्ये दिलेलं आणि नंतर अडगळीत गेलेलं हर्क्युलियस हे नाव पुन्हा वापरात आलं. बाहेरून बघता आकार सोडला तर दोघांत फरक नाही, आणि आकारही एकमेकांत मिसळतो.

डीएनएचा जो तुकडा यासाठी बघतात तो मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातल्या, सीओआय या जनुकाचा, सुमारे 658 अक्षरांचा. 2003 पासून प्राण्यांच्या ओळखीसाठी तो रुळला आहे. गांडुळांत या तुकड्यातला फरक साधारण 9 टक्क्यांच्या आत असेल तर दोघं एकाच प्रजातीची, 15 टक्क्यांच्या वर असेल तर वेगळ्या प्रजातींची, असा ढोबळ अंदाज वापरतात. मधला पट्टा धूसर आहे. आणि हे आकडे नियम नव्हेत. नुसत्या टक्केवारीवर नवी प्रजाती जाहीर करणं शक्य आहे, पण ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, म्हणून केंद्रकातलं एखादं जनुकही त्याच गोष्टीला दुजोरा देतं का, हे बघणं शहाणपणाचं. डीएनएचा निर्विवाद फायदा वेगळाच आहे: पिल्लं आणि तुटलेले तुकडेही आता प्रौढ नमुन्यांशी जोडता येतात.

जुन्या नावांचं भूत

समजा, शरीर वेगळं आहे आणि डीएनएही वेगळा आहे. तरी ‘नवं’ म्हणता येत नाही. कारण प्रश्न राहतो: कुणापेक्षा वेगळं? दीडशे वर्षांपूर्वी कुणी चार ओळींत वर्णन केलेलं गांडूळ हेच नसेल कशावरून?

याचं उत्तम उदाहरण म्हणजे पाँटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस. मूळचं दक्षिण अमेरिकेचं हे गांडूळ रोपांच्या मातीबरोबर जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोहोचलं आहे. जंगलाच्या कडेला, साफ केलेल्या जमिनीत खणलं की बहुधा हेच आधी हाती येतं. त्याचं वर्णन ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रित्स म्युलर या जर्मन निसर्गअभ्यासकाने 1857 मध्ये केलं. वर्णन तुटपुंजं, आणि त्याने प्रमाण म्हणून एकही नमुना ठरवून ठेवला नव्हता. पुढच्या दीड शतकात जगभर हजारो वेळा हे नाव वापरलं गेलं. मग डीएनए आला आणि या नावाखाली दिसायला सारख्या अशा चार प्रजाती असल्याचं 2018 मध्ये पुढे आलं. त्यांतली खरी कोरेथ्रुरस कोणती? उत्तरासाठी संशोधक ब्राझीलमधल्या ब्लुमेनाउ गावी म्युलरच्या घराच्या बागेत गेले, तिथली गांडुळं खणून काढली, आणि त्यांतलं एक नवा प्रमाण नमुना म्हणून ठरवलं. नाव त्या गांडुळाला चिकटलं, बाकीच्यांना आता वेगळी नावं लागणार.

म्हणूनच जुने लेख आणि संग्रहालयांतल्या बरण्या हा या कामाचा टाळता न येणारा भाग आहे. जवळच्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन शोधायचं, ते जर्मन, फ्रेंच, इटालियन कुठल्याही भाषेत असू शकतं. विल्हेल्म मिखाएलसन या हॅम्बुर्गच्या संशोधकाने एकट्यानेच जगभरच्या इतक्या गांडुळांची वर्णनं लिहिली आहेत की जर्मन टाळून या विषयात फार पुढे जाता येत नाही. त्यानेच 1918 मध्ये ब्राझीलमधल्या ऱ्हायनोड्रिलस फाफ्नर या दोन मीटरहून लांब गांडुळाचं वर्णन केलं. ते एका नमुन्यावर बेतलेलं. एकच नमुना असला की प्रजातीत किती फरक चालतो, हे कधीच कळत नाही.

नाव देण्याचे नियम

प्राण्यांची नावं एका आंतरराष्ट्रीय नियमावलीने चालतात. तिची सध्याची, चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. नाव प्रकाशित झालेलं हवं, ‘नवी प्रजाती’ असा स्पष्ट उल्लेख हवा, इतरांपासून ती कशी वेगळी हे शब्दांत सांगितलेलं हवं. 2012 च्या दुरुस्तीनंतर फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांतलं नावही चालतं, पण त्यासाठी झूबँक या नोंदवहीत आधी नोंद लागते. नाव लॅटिन लिपीत लागतं, वर्णन मात्र कुठल्याही भाषेत चालतं. वनस्पतीशास्त्रज्ञांना 2011 च्या अखेरपर्यंत वर्णन लॅटिनमध्ये लिहावं लागायचं, प्राण्यांवाले त्यातून सुटले.

नाव जागेवरून, रंगावरून, एखाद्या लक्षणावरून किंवा कुणाच्या सन्मानार्थ देता येतं. पुरुषाच्या नावाला शेवटी ‘आय’ हे अक्षर लावतात, स्त्रीच्या नावाला ‘ए-ई’. स्वतःचं नाव देण्यावर लेखी बंदी नाही, पण तसं कुणी केलं तर सहकारी हसतात, आणि तेवढा धाक पुरतो.

यापेक्षा महत्त्वाचा आहे होलोटाइप. लेखकाने निवडलेलं एक गांडूळ, ज्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं. 1999 नंतर प्रमाण नमुना ठरवल्याशिवाय आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार हे सांगितल्याशिवाय नावच वैध होत नाही. सोबतच्या इतर नमुन्यांना पॅराटाइप म्हणतात. चिरफाड शक्यतो पॅराटाइपची करतात, होलोटाइपला कात्री कमीत कमी लावतात. वर्णन चुकलं, चित्र चुकलं, डीएनएची पद्धत जुनी झाली, तरी नंतरचा माणूस बरणी उघडून पुन्हा बघू शकतो. म्युलरने नेमकी एवढीच गोष्ट केली नव्हती.

लेखातला सर्वांत मोलाचा परिच्छेद सहसा सर्वांत छोटा असतो. त्याला निदान म्हणतात. त्यात गांडुळाचं सगळं वर्णन नसतं, फक्त जवळच्या प्रजातींपासून ते कुठे वेगळं पडतं, तेवढंच असतं. वर्णन पानभर आणि निदान गुळमुळीत असेल, तर लेखकालाच खात्री नव्हती असं खुशाल समजावं.

लेख छापून आल्यावरही निकाल अंतिम नसतो. उद्या कुणी त्याच जंगलाच्या पलीकडच्या बाजूला खणेल, मधल्या फरकांचे नमुने काढेल आणि दाखवून देईल की ही ‘नवी’ प्रजाती 1900 सालच्या एखाद्या प्रजातीचंच रूप आहे. मग जुनं नाव राहतं, नवं त्याचं समानार्थी ठरतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोजमापं, आकृत्या आणि डीएनए जुन्या नावाच्या खात्यावर जमा होतात. फक्त ते बाद झालेलं नाव त्याच जीनसमधल्या दुसऱ्या कुठल्याही गांडुळाला पुन्हा देता येत नाही.